गोड खायचं, पण शुगर सांभाळून: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रिपोर्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ६.१ आला, किंवा उपाशीपोटीची शुगर शंभरच्या पुढे गेली, की घरात पहिली घोषणा होते ती 'आजपासून गोड बंद' अशी. आठवडाभर ती पाळली जाते. मग कुणाचा वाढदिवस येतो, कुणी साताऱ्याहून कंदी पेढे आणतं, आणि ठरवलेलं मोडतं. एकदा मोडलं की माणूस म्हणतो, आता मोडलंच आहे तर आणखी एक. पुढच्या तपासणीत आकडा होता तिथेच असतो, आणि मनाला लागलेली टोचणी वेगळी.

माझं म्हणणं असं की गोड सरसकट बंद करू नका, निवडून खा. दिवसभरात जे गोड चवीचा काहीही आनंद न देता पोटात जातं, ते आधी काढा. ज्या पदार्थासाठी खरंच जीव तुटतो तो ठरवून, मापात, ताटावर बसून खा, आणि आपल्या शरीराला तो किती झेपतो हे शुगर मोजायच्या मशिनवर बघा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच क्रमाने आहे.

आधी एक महत्त्वाची सूचना. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना, किंवा आहार आणि साध्या गोळ्यांवर शुगर आटोक्यात असलेल्यांना हे सगळं लगेच सुरू करता येईल. तुम्ही इन्शुलिन घेत असाल, गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, गरोदरपणातली शुगर असेल किंवा किडनीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. जेवण बदललं की अशा औषधांचा डोसही बदलावा लागू शकतो.

पायरी १: आपण कुठे उभे आहोत ते बघा

उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. उपाशीपोटी १२६ आणि त्यापुढे, किंवा एचबीए१सी ६.५ आणि त्यापुढे म्हणजे मधुमेह, अर्थात दुसऱ्यांदा तपासून खात्री केल्यावर. एचबीए१सी हा साधारण गेल्या तीन महिन्यांचा हिशेब असतो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड सोडून तो सुधारत नाही.

'मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर' असं मनात येत असेल तर एक गोष्ट वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे वरून सडपातळ दिसणाऱ्या माणसाच्या पोटाभोवतीही अनेकदा चरबी साठलेली असते, आणि रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचं इन्शुलिनचं काम तिथेच अडतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. म्हणजे पंगतीत तुमच्या शेजारी बसलेलाही कदाचित हाच हिशेब करत असतो.

पायरी २: लक्षात न येणारं गोड शोधून काढा

एक वही घ्या आणि चार दिवस जे तोंडात जाईल ते लिहा. चहासुद्धा. चहाच सगळ्यात आधी.

दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा सपाट भरला तर ४ ग्रॅम, शिगोशीग भरला तर ६ च्या पुढे. मधलं ५ धरलं तरी ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तो कोटा आपण दुपारचा चहा पिऊन होईपर्यंत संपवलेला असतो. आणि त्या चार कपांपैकी किती कपांची चव रात्री आठवते?

चहाची साखर एका दिवसात बंद केलीत तर चहा प्यावासा वाटणार नाही आणि तुम्ही पुन्हा जुन्या मापावर याल. दोनाचा दीड चमचा करा, आठ-दहा दिवस तसाच प्या, मग एक, मग अर्धा. जीभ हळूहळू सरावते. काही आठवड्यांनी बाहेरचा टपरीवरचा चहा घशाशी येईल इतका गोड लागेल, आणि तेव्हा समजायचं की जमलं. आलं, वेलची, गवती चहा सढळ हाताने घाला.

चहानंतर बिस्किटं. मारी आणि 'डायजेस्टिव्ह' बिस्किटं आपल्याकडे पथ्याची म्हणून खाल्ली जातात. पाकिटाची मागची बाजू वाचा. मारी बिस्किटाच्या वजनातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग कर्बोदकं, म्हणजे पचल्यावर रक्तात साखर होणारे घटक असतात आणि त्यात साखरही बरीच असते. सहा बिस्किटं चहात बुडवून खाण्यापेक्षा रविवारी एक आवडता बेसनाचा लाडू खाल्लेला मला केव्हाही पटतो. टोस्ट, गोड दही, टोमॅटो सॉस, दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरी, पॅकबंद फळांचे रस यांनाही वहीत जागा द्या.

आणि गोड चव नसलेलं 'गोड' विसरू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, अर्थात कर्बोदकंच. एकादशीची मोठी वाटीभर खिचडी खाऊन 'आज उपास होता, तरी शुगर कशी वाढली' असं विचारणारे खूप भेटतात. नाचणी चांगलीच, पण बारीक दळून पातळ शिजवलेली पेज किंवा सत्त्व भाकरीपेक्षा लवकर पचतं आणि शुगर लवकर चढवतं.

पायरी ३: पदार्थ निवडा

आता आवडीचं. एक यादी करा: वर्षभरात ज्यांच्याशिवाय करमणारच नाही असे पाच-सात पदार्थ. पुरणपोळी, उकडीचे मोदक, आमरस, श्रीखंड, तिळगूळ, जे काही तुमचं असेल ते. गोव्याकडचे असाल तर बेबिंका किंवा हळदीच्या पानातल्या पातोळ्या. यादीत नसलेल्याला नाही म्हणायचं. ऑफिसात कुणीतरी आणलेला क्रीमचा केक, हॉटेलात बिलाबरोबर येणारी साखर लावलेली बडीशेप, पाहुण्यांकडची आठवडाभर डब्यात पडलेली सोनपापडी, यांच्यासाठी आपला कोटा खर्च करायचा नाही. यादी असली की नाही म्हणणं सोपं जातं, कारण त्यातलं आपलं काहीतरी पुढे ठेवलेलं असतं.

सगळे गोड पदार्थ शरीरात सारखे वागत नाहीत. मुख्य चार-पाच पदार्थांबद्दल सविस्तर सांगते.

पुरणपोळी. हिचं नशीब चांगलं, कारण आत हरभऱ्याची डाळ आहे. डाळीतली प्रथिनं आणि चोथा यांमुळे तिची साखर रक्तात सावकाश उतरते. अडचण गुळाची आणि आकाराची. परंपरेने डाळीइतकाच गूळ घालतात. तो पाऊण करून बघा, मग थोडा आणखी कमी. जायफळ आणि वेलची ताजी किसून-कुटून घातली तर गूळ कमी असल्याचं पटकन कळत नाही. मैदा न घालता कणीक बारीक चाळून घ्या. नेहमीच्या मापाने केलेल्या एका मध्यम पुरणपोळीत ४० ते ५० ग्रॅम कर्बोदकं धरून चाला, म्हणजे दोन-अडीच साध्या पोळ्यांइतकी. तेव्हा त्या दिवशी साधी पोळी नाही, भात नाही. एक पुरणपोळी, वर चमचाभर तूप, वाटीभर कटाची आमटी, भरपूर कोशिंबीर आणि एखादी पालेभाजी. हे जेवण पूर्ण आहे.

उकडीचे मोदक. तांदळाची उकड लवकर पचते, आणि सारणात गूळ. ओल्या नारळाची चरबी आणि वर घातलेलं तूप यांमुळे वेग थोडा कमी होतो. एका मध्यम मोदकात २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं धरा. दोन मोदक, भाताला सुट्टी. ज्यांना कळ्या पाडायला जमतात त्यांनी पारी पातळ करावी. त्यात तांदूळ कमी जातो आणि मोदक सुरेख होतो.

श्रीखंड. चक्का उत्तम, त्यात प्रथिनं भरपूर. पण घरोघरी चक्का आणि साखर समसमान घेतात, म्हणजे वाटीत अर्धं वजन साखरेचं. विकतचं तर आणखी गोड लागतं. घरी केलं तर साखर निम्म्यावर आणता येते. चक्का आंबट नसेल एवढंच बघा. दही ताजं, गोडसर विरजलेलं हवं, आणि टांगून ठेवायचं ते फ्रीजमध्ये. केशर, वेलची, वर थोडी चारोळी. गुढीपाडव्याला पुऱ्या दोन आणि श्रीखंड दोन मोठे चमचे. वाटी भरून ताटात ठेवलीत की ती संपतेच, म्हणून भांड्यातून चमच्यानेच वाढून घ्या.

जिलेबी. मैदा, तळण आणि पाक. सावकाश पचावं असं तिच्यात काही नाही. लग्नाच्या पंगतीत जिलेबी-मठ्ठा ही जोडी मला प्रिय आहे, आणि मठ्ठ्यातल्या ताकाने जेवण हलकंही होतं, पण जिलेबीची साखर त्याने कमी होत नाही. एक वेढा, पूर्ण चावून, तेवढंच.

बेसनाचा लाडू, करंजी, शंकरपाळी. इथे एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. तूप किंवा तळण जास्त असलेल्या पदार्थात चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं. दोन तासांनी शुगर मोजली तर ती छान दिसते आणि आपण खूश होतो. खरा चढ तिसऱ्या-चौथ्या तासाला येतो. म्हणून दिवाळीच्या फराळानंतर एकदा तरी तीन तासांनी मोजून बघाच. शिवाय तुपामुळे साखर सावकाश चढते म्हणून तूप कितीही चालेल असा अर्थ कुणी काढू नये. वजन वाढलं की इन्शुलिनचं काम आणखी अडतं.

खीर आणि बासुंदी यांच्यात साखर तुमच्या हातात असते. आटवलेल्या दुधाला स्वतःची गोडी असतेच, म्हणून बासुंदीत साखर शेवटी, चाखत चाखत घाला. साताऱ्याचा कंदी पेढा साध्या पेढ्यापेक्षा कमी गोड असतो, एक चालतो. तिळगुळाचा लाडू सुपारीएवढा वळा, लिंबाएवढा नको.

पायरी ४: गोडाला ताटात योग्य जागा द्या

२०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, मग भाज्या आणि चिकन. दुसऱ्या वेळी भाज्या आणि चिकन आधी, पंधरा मिनिटांनी ब्रेड आणि रस. दुसऱ्या क्रमात तासाभराने मोजलेली शुगर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. जेवण तेच, माप तेच, फक्त क्रम बदललेला. ११ जण म्हणजे प्रयोग लहान आहे, पण हा उपाय फुकट आहे आणि त्यात धोका काही नाही.

आपल्या ताटात हे करणं सोपं आहे. डावीकडची कोशिंबीर पानाची शोभा म्हणून चमचाभर न घेता वाटीभर घ्या आणि तिच्यापासूनच सुरुवात करा. मग उसळ, पालेभाजी, घट्ट वरण, खात असाल तर मासे किंवा अंडं. त्यानंतर पोळी-भाकरी, आणि मग गोड. अनेक घरी सणाला पहिला घास गोडाचा घेतात. तो घास घ्या, त्यात काही बिघडत नाही. बाकीचं गोड शेवटाला ठेवा.

गोड रिकाम्या पोटी खायचं नाही. सकाळी उठल्याउठल्या प्रसादाचा शिरा, संध्याकाळी पाच वाजता भूक लागलेली असताना दोन पेढे, रात्री जेवण होऊन दोन तास झाल्यावर आइस्क्रीम, या तीन वेळा सगळ्यात वाईट. संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळायची ताकद सकाळपेक्षा कमी असते, त्यामुळे गोड दुपारच्या जेवणात बसवलेलं बरं.

आणि गोडासाठी जागा करायची म्हणजे ताटातून तेवढंच काहीतरी काढायचं. मोदक आला की भात गेला. हा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं.

पायरी ५: शतपावली

जेवल्यावर शंभर पावलं चालायची जुनी सवय टीव्हीसमोर हरवली. ती परत आणा, फक्त शंभरावर थांबू नका. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला २०१६ चा एक अभ्यास आहे. टाइप २ मधुमेह असलेल्यांना काही दिवस रोज कधीही सलग ३० मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक मोठ्या जेवणानंतर १० मिनिटं. जेवणानंतर चालण्याने जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. गुडघे दुखत असतील तर ओटा आवरणं, भांडी लावणं, घरातल्या घरात फेऱ्या मारणं, खुर्चीत बसून पाय हलवणं, यातलं जमेल ते. लगेच आडवं होऊ नये, एवढं तरी नक्की.

पायरी ६: स्वतःच्या बोटावर खात्री करा

दोन माणसांनी एकच पुरणपोळी खाल्ली तरी दोघांची शुगर सारखी चढत नाही. म्हणून पुस्तकातले आकडे आणि माझा हा लेख, दोन्हींपेक्षा तुमचं ग्लुकोमीटर जास्त खरं सांगतं.

पद्धत अशी. हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या हाताने टोचलंत तर बोटावरची साखर मोजली जाईल आणि उगाच घाबराल. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखणं कमी होतं. जेवायच्या आधी एक आकडा, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरा. वहीत पदार्थ, माप आणि दोन्ही आकडे. मधुमेह असलेल्या बहुतेकांना डॉक्टर जेवणानंतरचा आकडा १८० च्या आत ठेवायला सांगतात. तुमच्यासाठी त्यांनी वेगळा सांगितला असेल तर तोच धरा.

घरगुती मशिनमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक नियमानेच मान्य आहे. म्हणजे एकदा १६२ आणि एकदा १७० आला तर ते दोन्ही सारखेच समजा. एकाच पदार्थाची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा घ्या, मगच निकाल लावा. आदल्या रात्री झोप झाली नसेल, ताप असेल, स्टिरॉइडचं औषध चालू असेल, तर त्या दिवशी पुरणपोळीला दोष देऊ नका. झेपत असेल तर दंडावर चिकटवायचा सेन्सर एकदा चौदा दिवसांसाठी लावून बघा. सगळा आलेख समोर दिसतो आणि तुपकट पदार्थांचा उशिरा येणारा चढही लपत नाही.

मधल्या वेळचं गोड

चार ते सहा ही वेळ अवघड. दुपारचं जेवण पचलेलं, रात्रीचं लांब, आणि चहाबरोबर काहीतरी गोड हवं असतं. इथे मला आपली जुनीच रीत सगळ्यात शहाणी वाटते. उन्हातून आलेल्या माणसापुढे गूळ-शेंगदाणे ठेवायची. मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि बोराएवढा गुळाचा खडा. शेंगदाणे आधी, गूळ शेवटी. शेंगदाण्याने पोट भरतं, गुळाने इच्छा भागते.

आणखी काही: एक खजूर उभा चिरून बी काढायची आणि आत दोन बदाम. वाटीभर घट्ट दही, त्यात अर्ध्या सफरचंदाचे तुकडे आणि दालचिनीची पूड. पेरू, बियांसकट आणि थोडं मीठ-तिखट लावून. लोणावळ्याची चिक्की आवडत असेल तर शेंगदाण्याची घ्या, एक चौकोनी तुकडा, आणि पाकीट परत कपाटात. घरी काही करायचं असेल तर दाण्याचं कूट दोन वाट्या, भाजलेले तीळ एक वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी आणि थोडी सुंठ एकत्र कुटा. तीळ-दाण्याचं तेल सुटून मिश्रण आपोआप वळता येतं, पाक करावा लागत नाही. सुपारीएवढे लाडू वळून ठेवा. चहाबरोबर एक.

फळांचं थोडक्यात. फळ चावून खायचं, रस काढून प्यायचा नाही. रस काढताना चोथा निघून जातो आणि तीन-चार संत्री एका पेल्यात बसतात. हापूसच्या दिवसांत मध्यम आंब्याच्या दोन फोडी जेवणात, आणि आमरस असेल तर अर्धी वाटी, वर चमचाभर तूप, पुऱ्या कमी. आमरसात वरून साखर घालणं तर हापूसवर अन्यायच आहे. चिकू, सीताफळ, द्राक्षं यांचं माप हाताबाहेर जातं, म्हणून ती ताटलीत काढून घ्या. उसाचा रस टाळा. तो पेलाभर पाकच आहे.

गूळ, मध आणि 'शुगर फ्री'

गावोगावी 'गुळाचा चहा' अशा पाट्या लागल्या आहेत आणि तिथे मधुमेही लोक निर्धास्तपणे दोन-दोन कप पितात. गुळात थोडी खनिजं असतात, चव अप्रतिम असते, पण त्याचा फार मोठा भाग साखरच आहे. मधाचंही तेच. गुळाला मी पदार्थाच्या चवीसाठी मान देते, पण वहीत लिहिताना तो साखरेच्याच रकान्यात जातो. 'ब्राउन शुगर' आणि खडीसाखरही तिथेच.

पाकिटावर 'शुगर फ्री' लिहायचं असेल तर आपल्याकडच्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. पण साखर नाही म्हणजे कर्बोदकं नाहीत असं नाही. मैदा असतो, माल्टोडेक्स्ट्रिन नावाची स्टार्चपासून केलेली पावडर असते, आणि ते रक्तात साखर म्हणूनच पोचतं. साखरेऐवजी माल्टिटॉल हा गोडवा घातलेली मिठाई जास्त खाल्ली तर पोट बिघडतं. मिठाईच्या दुकानातली सुट्टी 'शुगर फ्री' बर्फी बरेचदा खजूर-अंजिराची असते. पदार्थ चांगला, पण खजुराची साखर ही साखरच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, तेव्हा पहिले तीन घटक वाचा.

चहात टाकायच्या कृत्रिम गोडव्याच्या गोळ्यांबद्दल माझं मत असं की चहाची साखर कमी करताना काही दिवस आधार म्हणून त्या वापरायला हरकत नाही. यांतल्या ॲस्पार्टेम या गोडव्याची गोडी उष्णतेने जाते, म्हणून ते शिजवताना घालू नये. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी अशा गोडव्यांवर भरवसा ठेवू नका असं सांगितलं. ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही जिभेची गोडाची ओढ कमी होणं जास्त उपयोगाचं.

शुगर उतरली तर

हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, अचानक चिडचिड. अशा वेळी आकडा ७० च्या खाली आला असेल तर तिथे सगळे नियम बाजूला. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

लाडू, पेढा, चॉकलेट अशा वेळी कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा पोचते. आणि तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साधी साखरही उशिरा काम करते, कारण ही औषधं आतड्यात तिचं विघटनच थांबवून ठेवतात. अशी गोळी घेणाऱ्यांनी ग्लुकोजची पावडरच जवळ ठेवावी. गोळीच्या पाकिटावरची नावं आज एकदा वाचून घ्या.

सणवार आणि आग्रह

आपल्याकडे 'एक तरी घे' म्हणणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, त्याला दुखवायचं नसतं. पानात पडल्यावर नाही म्हणणं कठीण जातं, म्हणून वाढायला सुरुवात व्हायच्या आधीच यजमानीण बाईंना सांगा: 'काकू, मला एकच मोदक वाढा, पण तूप तुमच्या हातचं भरपूर.' त्यांचा मानही राहतो आणि मापही. घरी वाढणारे तुम्ही असाल तर पथ्य असलेल्या माणसाला सगळ्यांसमोर 'तुला चालतं का रे?' असं विचारू नका. त्याचं माप माहीत करून घ्या आणि मुकाट्याने तेवढंच वाढा.

सणाच्या आदल्या दिवशी उपाशी राहून 'जागा' करू नका, आणि सणाच्या दिवशी सकाळचा नाश्ता टाळू नका. भुकेल्या पोटी पानावर बसलं की माप सुटतं, आणि गोळी घेऊन उपाशी राहिलं तर शुगर उतरण्याचा धोका असतो. दिवाळीत फराळाचं ताट दिवसातून एकदाच, जेवणाला जोडून, त्यात एक गोड आणि एक तिखट. आलेल्या मिठाईचे डबे चार दिवस ओट्यावर ठेवण्यापेक्षा त्याच संध्याकाळी वाटून टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटीचा आकडा थोडा चढलेला दिसला तर घाबरून गोळी वाढवू नका. नेहमीचं जेवण, नेहमीचं चालणं सुरू ठेवा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत तो खाली येतो. चार-पाच दिवस सलग १३० च्या वर राहिला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा ३०० च्या आसपास गेला, किंवा जास्त तहान, सारखी लघवी आणि उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी जा.